के-टूच्या भरवशावर हाडांचं औषध सोडू नका

के-टू हा के जीवनसत्त्वाचा एक प्रकार, आणि डी-थ्री हा डी जीवनसत्त्वाचा. त्यांच्याबद्दल व्हॉट्सअॅपवर सध्या हा मेसेज जोरात फिरतोय: "के-टूशिवाय डी-थ्री घेतलंत तर कॅल्शियम हाडांत न जाता रक्तवाहिन्यांत साचतं. जपानी बायकांची हाडं के-टूमुळेच मजबूत आहेत. डॉक्टरांच्या गोळ्या सोडा, के-टू घ्या. साइड इफेक्ट शून्य." हाडं ठिसूळ झालेल्या आया-मावश्या हे वाचून चालू औषध बंद करतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

रक्तवाहिन्यांपासून सुरुवात करू. हाडांतलं ऑस्टिओकॅल्सिन हे प्रथिन आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचू न देणारं एक प्रथिन, या दोघांनाही काम करायला के जीवनसत्त्व लागतं, एवढं खरं. पण म्हणून वरून के दिलं की कॅल्शियम आपली जागा बदलतं, असं होत नाही. डेन्मार्कमध्ये हृदयाच्या झडपेत कॅल्शियम साचलेल्या ३६५ पुरुषांवर चाचणी झाली. निम्म्यांना २ वर्षं रोज ७२० मायक्रोग्रॅम के-टू आणि सोबत डी दिलं. २०२२ साली निकाल आला: झडपेतलं कॅल्शियम दोन्ही गटांत सारखंच वाढलं होतं. डी-थ्रीचा खरा धोका अतिडोसाचा आहे. आठवड्यातून एकदा घ्यायचं ६०,००० युनिटचं पाकीट काही जण रोज घेतात, त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं. त्यावर के-टू हा उतारा नाही.

आता जपान. तिथे के-टू हाडांसाठी औषध म्हणून देतात हे खरंच आहे, पण डोस बघा: दिवसाला ४५ मिलिग्रॅम, म्हणजे ४५,००० मायक्रोग्रॅम, आणि तेही एमके-४ या प्रकारातलं. आपल्याकडच्या कॅल्शियमच्या गोळीची पट्टी उलटून वाचा. तिच्यात बहुधा एमके-७ हा के-टूचा दुसरा प्रकार असतो, ४५ ते १०० मायक्रोग्रॅम. जपानी औषधाचा दाखला देऊन ही गोळी विकणं ही दिशाभूल आहे. बरं, त्या मोठ्या डोसचा पुरावा तरी भक्कम आहे का? २००६ साली बऱ्याच जपानी चाचण्या एकत्र करून फ्रॅक्चर खूप कमी होतात असा निष्कर्ष निघाला होता. त्यातल्या काही चाचण्या योशिहिरो सातो या संशोधकाच्या होत्या, आणि पुढे त्यांचे अनेक शोधनिबंध खोट्या आकड्यांपायी मागे घेतले गेले. २००९ मध्ये तिथल्याच ४,००० हून जास्त स्त्रियांच्या चाचणीत नुसतं कॅल्शियम घेणाऱ्या आणि सोबत के-टू घेणाऱ्या गटांत मणक्याच्या फ्रॅक्चरमध्ये एकूण फरक दिसला नाही.

जपानमध्ये नाट्टो, म्हणजे के-टू भरपूर असलेलं आंबवलेलं सोयाबीन, खाणाऱ्या भागांत खुब्याचे फ्रॅक्चर कमी दिसतात. पण त्या थाळीत नाट्टो एकटं नसतं, सोयाची प्रथिनं आणि मासेही असतात.

एमके-७ च्या चाचण्यांचा कौलही एकसारखा नाही. नेदरलँड्समध्ये ३ वर्षांत मणक्याची झीज किंचित मंदावली; नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये हाडांच्या घनतेत फरक पडला नाही. शिवाय घनता वाढली म्हणजे फ्रॅक्चर टळलं असं धरून चालत नाही.

"डॉक्टरांच्या गोळ्या सोडा" या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. वर्षातून एकदा शिरेतून देतात त्या झोलेड्रोनिक अॅसिड या हाडांच्या औषधाच्या २००७ च्या चाचणीत ३ वर्षांत मणक्याचे फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी घटले. सत्तरीत खुबा मोडला की कित्येक जणी पुन्हा आधाराशिवाय चालत नाहीत. ते टाळणारं औषध सोडून के-टू घ्यायला सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

राहिलं "साइड इफेक्ट शून्य". निरोगी माणसाला बहुतेक काही होत नाही. पण कृत्रिम झडप बसवलेले किंवा गुठळ्या होऊ नयेत म्हणून अॅसिट्रॉम, वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी औषधं घेणारे रुग्ण वेगळे. ही औषधं के जीवनसत्त्वाचंच काम अडवतात. वरून के-टू गेलं की औषध फिकं पडतं आणि झडपेवर गुठळी होऊ शकते. अशांनी मेथी-पालक सोडायची गरज नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवलं की पुरतं. के-टू सुरू केलंच असेल तर मनाने बंदही करू नका, कारण अचानक थांबवल्यावर रक्त जास्त पातळ होऊ शकतं. डॉक्टरांना पट्टी दाखवा आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी, लगेच करून घ्या.