सोयाबीनच्या जीनवर पेटंट आहे म्हणून घरचं बी टाकून देऊ नका

पेरणी जवळ आली की वाळवा, पलूस, कराडकडच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागतो, परदेशी कंपनीनं सोयाबीनच्या जीनचं पेटंट घेतलंय, पेटंटमध्ये अख्खा जीन छापलाय म्हणजे तो ज्या पिकात असेल ते सगळं कंपनीचं, घरचं बी पेरलं तर केस आणि पेंडीवर पण रॉयल्टी, बीटी कापसाच्या केसमध्ये कोर्टानं पण कंपनीच्या बाजूनं शिक्का मारलाय. आता एकेक मुद्दा बघू.

"अख्खा जीन छापलाय म्हणजे तो त्यांचा." अजिबात नाही. पेटंटात वर्णन वेगळं आणि शेवटी दिलेले क्लेम वेगळे, हक्क मिळतो तो क्लेममध्ये मागितलंय तेवढ्यावरच. वर्णनात शेकडो सिक्वेन्स (जीनमधल्या अक्षरांचा क्रम) असतील, पण गावच्या नकाशात सगळे गट दिसतात म्हणून ते तुमच्या सातबाऱ्यावर येतात का? आणि क्लेम पण शब्दनशब्द वाचायचा असतो, 'या सिक्वेन्सशी ९० टक्के जुळणारा' असं लिहिलं की आवाका वाढतो, त्यालाच 'अमुक किडीला मारणारं प्रोटीन बनवणारा' अशी अट जोडली की तो लगेच आवळतो.

"निसर्गातला जीन पण त्यांचाच." आपल्या पेटंट कायद्यात कलम ३(सी) नुसत्या शोधून काढलेल्या नैसर्गिक गोष्टीला पेटंट देत नाही, ३(जे) झाडं, त्यांचे भाग आणि बियाणं वगळतं. अमेरिकेत सुद्धा सुप्रीम कोर्टानं २०१३ ला मिरियड या कंपनीच्या केसमध्ये सांगितलं की शरीरातला जीन नुसता वेगळा काढला म्हणून पेटंट नाही, लॅबमध्ये बनवलेल्या सीडीएनएला (जीनच्या नकलेला) मात्र मिळू शकतं.

"घरचं बी पेरलं तर केस." ही भीती अमेरिकेतून आलीय, तिथं २०१३ लाच बोमन नावाचा शेतकरी मोन्सँटो या बियाणं कंपनीविरुद्ध हरला, पण ते जीएम (लॅबमध्ये जीन बदललेलं) सोयाबीन होतं आणि आपल्याकडं ते पेरायला परवानगीच नाही. आपलं फुले संगम वाण तर इथंच कसबे डिग्रजला तयार झालंय! वाणांच्या २००१ च्या कायद्यातलं कलम ३९ घरचं बी ठेवायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा, विकायचा पण हक्क देतं, फक्त ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही.

मोन्सँटो आणि नुझिवीडू या भारतीय बियाणं कंपनीतलं बीटी कापसाचं प्रकरण मात्र खरंच अडकलेलं होतं. क्लेम जीन सिक्वेन्सवर होता, मग तो झाडात आणि बियात गेल्यावर पण लागू होतो का, हा वाद. दिल्ली हायकोर्टानं २०१८ ला पेटंट रद्द केलं, जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल बाजूला ठेवून पुरावे तपासायला केस परत पाठवली, आणि २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं. म्हणजे कोर्टानं कंपनीच्या बाजूनं शिक्का मारला हे मेसेजमधलं वाक्य सरळ खोटं आहे.

राहिली पेंड. ही केस युरोपात होऊन गेलीय, अर्जेंटिनाहून हॉलंडला आलेल्या जीएम सोयापेंडीवर मोन्सँटोनं हक्क सांगितला, २०१० ला युरोपच्या कोर्टानं नाही म्हटलं, कारण पेंडीत त्या जीनचा डीएनए सापडला तरी तणनाशक सोसायचं त्याचं काम तिथं चालूच नसतं.

मेसेज पाठवणाऱ्याला पेटंट नंबर विचारा, भारतीय पेटंट ऑफिसच्या साइटवर फुकट उघडतो, शेवटची क्लेमची पानं आधी वाचा.