रेस कार रस्त्यावर आणायचीये? आधी कानस घ्या

तर तुमच्याकडे फॅक्टरीतून थेट ट्रॅकसाठी बनलेली गाडी आहे, म्हणजे जिच्यातून कंपनीने एसी, कार्पेट, स्टेपनी आणि आवाज अडवणारं जे जे काही असतं ते सगळं काढून टाकलंय आणि काढून टाकल्याबद्दल तुमच्याकडून जास्तीचे पैसे घेतलेत. अभिनंदन! आता त्यातलं निम्मं परत बसवून घ्यायला अजून पैसे मोजायचेत, तेव्हा चेकबुक जवळ ठेवा.

पहिला सल्ला, हे काम ब्रिटनमध्ये करा. भारतात करायचं मनात असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करायचा नाही असं ते सांगतं, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावून सांगितलं, त्यामुळे आपल्याकडे हा विषय आरटीओच्या गेटवरच संपतो. ब्रिटनमध्ये मात्र एकेकटी गाडी तपासून पास करायची रीतसर सोय आहे. तिला आयव्हीए म्हणतात, २००९ पासून चालू आहे, किटकार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडलेली गाडी, बनवणारे लोक तिच्या नावाने रात्री दचकून उठतात.

तुम्हाला वाटत असेल की तपासणारा माणूस आधी विचारेल, हजार हॉर्सपॉवर कशाला हवी बाबा? छे. त्याला हॉर्सपॉवरशी काही देणंघेणं नाही. त्याच्या हातात दहा सेंटिमीटर व्यासाचा गोळा असतो, तो गोळा गाडीच्या अंगावरून फिरवतात आणि जिथे जिथे तो टेकेल तिथली कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. आता रेस कार म्हणजे काय असतं तर नुसत्या कडा असतात हो! पुढचा स्प्लिटर, म्हणजे बंपरखालची बाहेर आलेली पातळ फळी, मागचा विंग, बाजूच्या पट्ट्या, विंड टनेलमध्ये महिनोन्‌महिने बसून इंजिनिअरांनी धारदार केलेला प्रत्येक कार्बन फायबरचा तुकडा. त्यावर तुम्ही काय करायचं? कानस घेऊन घासायचं, नाहीतर दाराला लावतात तशी काळी रबरी पट्टी मीटरवर विकत आणून चिकटवायची. हो, वीस लाख पाउंडांच्या गाडीला.

मग हेडलाइट. जमिनीपासून किमान ५० सेंटिमीटर उंच हवेत, आणि तुमच्या गाडीचं निम्मं अंग त्या उंचीच्या खालीच संपतं. मागे फॉग लाइट हवा, नंबरप्लेटवर उजेड हवा, हँडब्रेक हवा, स्पीडोमीटर हवा. रेस ड्रायव्हरला स्पीडोमीटर लागत नाही, त्याला फक्त आपण पुढच्याच्या मागे आहोत एवढं कळलं की पुरतं, पण सरकारला आकडा लागतो. टायरला कमीत कमी १.६ मिलिमीटर खोल खाचा लागतात, म्हणजे ते गुळगुळीत स्लिक गेले, आणि स्लिक गेले की ज्या पकडीसाठी गाडी घेतली ती पकडही गेली. आवाजाला ९९ डेसिबलची मर्यादा आहे, त्यामुळे सायलेन्सर आलाच.

हे सगळं करून देणारे लोक आहेत बरं का, मी काही गंमत करत नाहीये. २०१५ ची मॅक्लारेन पी-वन जीटीआर निव्वळ ट्रॅकसाठी विकली गेली, हॅम्पशायरमधल्या लँझांटे नावाच्या वर्कशॉपने त्यातल्या कितीतरी रस्त्यावर आणल्या. हे लोक साधे नाहीत, १९९५ ची ल मान्स, म्हणजे फ्रान्समधली ती चोवीस तासांची शर्यत, यांच्याच टीमने जिंकलीये. आणि ॲस्टन मार्टिनची व्हल्कन, जगात फक्त २४, सात लिटरचं व्ही-ट्वेल्व्ह इंजिन, मागचे दिवे सुऱ्यांच्या पात्यांसारखे उभे. रस्त्यासाठी करताना त्या पात्यांवर झाकण बसवावं लागलं, गाडी उंच करावी लागली, स्प्रिंगा मऊ केल्या, आणि वर काय, तर सेंट्रल लॉकिंग बसवलं! बरोबर आहे म्हणा, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये व्हल्कन उघडी टाकून दूध आणायला कसं जाणार?

एवढा खर्च झेपत नसेल तर कंपन्या करतात तसं उलटं करा. नव्वदच्या दशकात ल मान्सच्या जीटी वन वर्गात उतरायचं तर त्या गाडीचा रस्त्यावर चालणारा अवतार असणं सक्तीचं होतं. मग दाउअर नावाच्या जर्मन गृहस्थाने पोर्शची जुनी ९६२ रेस कार घेतली, रस्त्यासाठी पास करून घेतली, आणि पोर्शने तीच 'रस्त्यावरची गाडी' १९९४ ला ल मान्सला नेऊन पहिली आणली. टोयोटाने तर कमालच केली. नियम म्हणे की सामानाला जागा हवी, तर १९९८ मध्ये यांनी पेट्रोलची टाकी दाखवली. रिकामी असते तेव्हा हिच्यात सूटकेस मावते, म्हणे. आणि अधिकाऱ्यांनी ते मान्य केलं! आपल्याकडच्या कुठल्याही आरटीओ एजंटने या टोयोटावाल्यांच्या पाया पडावं.

याहून सोपा रस्ता हवा असेल तर सरदार घराण्यात जन्म घ्या. मार्टिनी दारूवाल्या घराण्यातल्या काउंट रोसींनी १९७५ मध्ये पोर्शकडून ९१७ घेतली, म्हणजे जिने १९७० ला पोर्शला पहिली ल मान्स जिंकून दिली तिच्याच जातीची, आत लेदर लावून घेतलं, आरसे आणि सायलेन्सर बसवले, आणि स्टुटगार्टहून स्वतः चालवत पॅरिसला गेले. नंबरप्लेट कुठली? अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची. युरोपात मिळेना म्हणून तिथली घेतली, आणि अलाबामानेही म्हणे एकच अट घातली की ही गाडी आमच्या राज्यात आणायची नाही. याला म्हणतात प्रशासन.

असो, तुमची झाली पास, आता वापरा. लंडनमध्ये असाल तर तुमचं इंजिन धुराच्या नियमात बसत नसल्यास युलेझचे, म्हणजे प्रदूषणाच्या कराचे, रोज साडेबारा पाउंड भरा. मोटरवेवर ताशी ११२ किलोमीटरची मर्यादा आहे, तुमची गाडी तिथपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच पोचते, पुढचे गिअर शोभेला. स्पीड ब्रेकर दिसला की तिरकी घाला. खिडकी म्हणजे प्लॅस्टिकचा पत्रा आणि त्यात हात जाईल एवढी सरकती फट, त्यामुळे पार्किंगचं तिकीट घ्यायला सहा पट्ट्यांचा बेल्ट सोडून, रोलकेजमधून पाय आधी बाहेर काढून, खाली उतरून, परत आत जाऊन बेल्ट लावेपर्यंत मागे रांग लागते. मागचे लोक चिडत नाहीत, फोटो काढतात.

शेवटी इन्शुरन्सवाल्यांना फोन करा. गाडी रात्री कुठे उभी असते विचारतील, ते सांगा. वर्षाला किती मैल चालवणार विचारतील, तर तुमच्या गाडीचं इंजिन दुरुस्तीला तासांच्या हिशोबाने उघडतात, मैलांच्या नाही, तेव्हा अंदाजाने काहीतरी ठोका. मग ती बाई विचारेल, गाडीत काही मॉडिफिकेशन केलंय का? खोटं बोलू नका. सांगा, हो, हॉर्न बसवलाय.