एच-इंडेक्स वाढवायचाय? आधी आजार बदला!

नवीन संशोधक मित्रांनो, एच-इंडेक्स म्हणजे तुमच्या किती पेपरांना इतरांनी किमान तितक्याच वेळा साइट केलं, म्हणजे आपल्या पेपरात त्यांचा संदर्भ दिला, तो आकडा: दहा पेपर दहा-दहा वेळा साइट झाले की दहा. तर पहिलं सांगतो, सापाच्या नादी लागू नका. साप चावतो कोणाला? शेतात राबणाऱ्याला. त्याच्यावर पेपर लिहिणारे जगात मूठभर, मग तुम्हाला साइट करणार कोण? भारतात 2000 ते 2019 मध्ये सर्पदंशाने साधारण 12 लाख माणसं गेली असा अंदाज आहे, पण मेलेली माणसं सायटेशन देत नाहीत. कॅन्सर घ्या, डायबेटिस घ्या. गर्दीचा आजार निवडा.

दुसरं, आडनाव पाटील, जोशी किंवा कुलकर्णी असेल तर गूगल स्कॉलरचं (पेपर आणि सायटेशन मोजणारी वेबसाइट) प्रोफाइल अजिबात साफ करू नका. कुठल्यातरी एस. पाटलांचे काँक्रीटवरचे पेपर तुमच्या खात्यात पडले असतील, पडू द्या, कोण बघतंय.

रिव्ह्युअर (दुसऱ्यांचे पेपर छापण्याआधी तपासणारा) झालात की "लेखकांनी खालील पाच पेपर अवश्य बघावेत" असं लिहा. पाचही स्वतःचे.

शोधबिध लावू नका, मोजायची पद्धत काढा. लाउरींचा 1951 चा प्रोटीन मोजायचा पेपर तीन लाखांच्या वर साइट झालाय. आणि चुकीचं लिहिलंत तरी घाबरू नका हं! लस आणि ऑटिझमचं नातं जोडणारा 1998 चा पेपर लॅन्सेट या मेडिकल जर्नलने 2010 मध्ये मागे घेतला, तरी त्याचा आकडा वाढतोच आहे, कारण शिव्या घालायच्या तरी साइट करावं लागतं, आणि मशीनला शिवी न् कौतुक सारखंच.

आता हे सगळं कुठून सुचलं ते सांगतो. परवा प्रमोशनच्या कमिटीपुढे बसलो होतो. घोणस-फुरशाच्या पेशंटांवरच्या कामाची जाडजूड फाईल समोर, तिची दोरीसुद्धा कोणी सोडली नाही. साहेबांनी मोबाईल काढला, अंगठ्याने वरखाली केलं आणि म्हणाले, "एच-इंडेक्स कमी वाटतोय हो, ऑन्कोलॉजीच्या मॅडमचा तुमच्या तिप्पट आहे." अहो असणारच ना! कॅन्सरवरच्या त्यांच्या मल्टिसेंटर ट्रायलच्या (अनेक हॉस्पिटलांनी मिळून केलेल्या चाचणीच्या) पेपरवर चाळीस-पन्नास नावं, माझ्या पेपरवर मी, एक रेसिडेंट आणि एचओडी, म्हणजे विभागप्रमुख (ते का, ते विचारू नका). मॅडमचं काम चांगलंच आहे, प्रश्न त्यांचा नाहीच. ज्या हिर्शनी हा एच-इंडेक्स काढला ते फिजिक्सवाले, त्यांनी 2005 च्या त्याच पेपरात लिहून ठेवलंय की जीवशास्त्रातले आकडे फिजिक्सपेक्षा मोठे असतात, विषय बदलला की आकडा बदलतो. म्हणजे औषधाच्या बाटलीवर सूचना छापलीय, आणि हे बाटली न वाचताच सगळ्यांना एकच डोस पाजतायत. वर दुसरे साहेब माझ्या जर्नलांचे इम्पॅक्ट फॅक्टर कॅल्क्युलेटरवर चक्क बेरीज करत होते. बेरीज!! तो आकडा जर्नलचा असतो हो, आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली त्याचा, माझ्या पेपरचा त्यात काय संबंध?

आणि दोन वर्षांत कळतं का कोणाचं काम किती मोठं ते? कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये नेचरमध्ये दाखवलं की कॉलऱ्याचे जंतू गाळून काढले तरी उरलेल्या पाण्यातलं विष आतड्यावर काम करतं. कित्येक वर्षं त्याकडे फारसं कोणी ढुंकून बघितलं नाही. आज त्यांच्याशिवाय कॉलऱ्याचा धडा सुरू होत नाही. आमच्या कमिटीने त्यांना 1961 मध्ये "थोडं अजून पब्लिश करा" म्हणून परत पाठवलं असतं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काय करणार मग? कोकणात विंचू चावून पोरं दगावत होती, या माणसाने तिथेच राहून प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून ती वाचवली, लॅन्सेटमध्ये लिहिलं, 2022 ला पद्मश्री मिळाली. त्यांनाही विचारणार का, सर, तुमचा एच-इंडेक्स किती?

आता टोमणे पुरे, सरळच बोलतो. कमिटीवर बसायचं ना, मग पेपर उघडायचे आणि वाचायचे. सात-आठ पानं असतात, तेवढ्यासाठीच बोलावलंय तुम्हाला. विषय कळत नसेल तर त्या विषयातला माणूस आधी बोलवा, त्याच्या टीए-डीएने कॉलेज बुडणार नाही. तेही जमत नसेल तर पोराबाळांच्या हातून अर्जदारांचे आकडे एक्सेलमध्ये भरून घ्या आणि वरून खाली क्रम लावा, आम्हाला सुट्टी टाकून, टाय बांधून तिथे कशाला बसवता?