गरोदरपणी फ्लूची लस: अडतं कुठे?

पावसाळा तोंडावर आला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक वाद हमखास पेटतो. दिवस गेलेल्या कुणाला तरी डॉक्टरांनी फ्लूची लस सुचवलेली असते. ‘आमच्या वेळी धनुर्वाताच्या दोन सुयांवर भागायचं’, असं ज्येष्ठ बायकांचं म्हणणं. ‘दीड-दोन हजारांची लस सरकारने फुकट द्यावी, मग सगळ्या घेतील’, असं तरुण मंडळींचं.

इंग्लंडमध्ये राहून हा वाद वाचताना मला दुसऱ्या बाजूचीच जास्त काळजी वाटते, कारण ती बरोबर असूनही अर्धीच आहे. इथे २०१० पासून प्रत्येक गरोदर बाईला ही लस मोफत मिळते. तरी २०२३-२४ च्या हंगामात ती घेतली जेमतेम तिघींतल्या एकीने. फुकट असणं गरजेचं आहे, पण तेवढ्याने दंडात सुई जात नाही.

ज्येष्ठांच्या शंकेला उत्तर थोडक्यात देता येतं. पोट वाढतं तशी फुप्फुसांना जागा कमी पडते, हृदयावर ताण येतो, प्रतिकारशक्तीही बदलते. म्हणून साधा वाटणारा फ्लू गरोदरपणात न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला संरक्षण मिळतं ते आईच्या रक्तातून वारेवाटे आलेल्या अँटीबॉडीजचं. दंडात दिली जाणारी लस मृत विषाणूची असते, तिने फ्लू होत नाही. दंड दुखतो, क्वचित दिवसभर कणकण येते. नाकात मारायच्या स्प्रेची लस जिवंत विषाणूची असते, ती मात्र गरोदरपणात नको.

खरं अडतं ते पुढे. घोडबंदर रोडवरच्या किंवा ऐरोलीतल्या एखाद्या नर्सिंग होममध्ये नाव नोंदवलेलं असतं. तिथे टीडीचं (धनुर्वात आणि घटसर्पावरचं) इंजेक्शन मिळतं, पण फ्लूची लस बऱ्याचदा ठेवलेली नसते. ती एकाच हंगामाची, उरली तर फेकायची, म्हणून कमी खपाचा दवाखाना मागवत नाही. हातात चिठ्ठी पडते. लस असते बालरोगतज्ज्ञांकडे, नाहीतर केमिस्टकडे. केमिस्टकडून घेतली तर ०.५ मिलीची ती भरलेली सिरिंज २ ते ८ अंशांत राहायला हवी. रिक्षात पर्समध्ये तापली तर तिचा भरवसा नाही, आणि बर्फाला थेट टेकून गोठली तर टाकूनच द्यावी लागते. एका सुईसाठी तीन खेपा, त्याही उलट्या होत असताना किंवा आठव्या महिन्यात. यात बाईचा हलगर्जीपणा कुठे आला?

दुसरी गळती आपल्या रीतीतली. पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण झालं की मुलगी नाशिकला नाहीतर साताऱ्याला जाते आणि फाइल बदलते. ठाण्याच्या डॉक्टरांना वाटतं माहेरी देतील, माहेरच्यांना वाटतं आधीच दिली असेल. माता-बाल संरक्षण कार्डावर टीडीसाठी छापील रकाने आहेत. फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, त्यामुळे तिला रकानाही नाही. रकाना नसला की परिचारिका विचारत नाही.

महाराष्ट्राने २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर गरोदर महिलांना ही लस मोफत द्यायचं ठरवलं, हे पाऊल मोलाचं होतं. पण आपल्याकडे फ्लू जोर धरतो पावसात, आणि लसीचा असर यायला दोनेक आठवडे लागतात. कळव्याच्या किंवा वाशीच्या पालिका रुग्णालयात साठा ऑगस्टमध्ये आला तर उपयोग निम्मा. तो मेअखेर फ्रिजमध्ये हवा. इंग्लंडमधून ऑक्टोबरात लस घेऊन जुलैत बाळंतपणाला घरी येणाऱ्या मुलींनीही हे ध्यानात ठेवावं: असर तोवर उतरलेला असतो, नवा डोस हवा का ते तिथल्या डॉक्टरांना विचारावं.

माझं मत स्पष्ट आहे. बाई ज्या खुर्चीत आधीच बसली आहे, तिथेच लस द्या. टीडी आणि फ्लू एकाच दिवशी, वेगवेगळ्या दंडांत देता येतात. कुठलाही महिना चालतो; टीडीची भेट हुकली तर विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीनंतरची तपासणी आहेच. ‘घेणार का?’ असं मोघम विचारण्याऐवजी ‘आज ही लस द्यायची आहे, काही शंका आहे का?’ असं डॉक्टरांनी स्वतः म्हणावं. सासूबाई सोबत असतील तर त्यांच्यासमोरच. लस दिली की कार्डाच्या मोकळ्या जागेत तारीख, लसीचं नाव आणि बॅच नंबर लिहावा, म्हणजे माहेरच्या डॉक्टरांना अंदाज बांधावा लागणार नाही. लस घेऊनही ताप-खोकला आलाच, तर काढ्यावर दिवस काढू नयेत. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगलं लागू पडतं, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.