ज्यू धर्मात शंका घ्यायला बंदी? त्या मेसेजबद्दल खुलासा

एक मेसेज फिरतोय, की ज्यू धर्मात देवाबद्दल प्रश्न विचारणंच पाप आहे आणि स्पिनोझा या ज्यू तत्त्वज्ञाला एवढ्याचसाठी समाजाबाहेर काढलं. हे असं नाहीये.

स्पिनोझावर बहिष्कार पडला हे खरं, 27 जुलै 1656, अॅमस्टरडॅम, वय 23. पण तो त्या शहरातल्या ज्यू समाजाच्या पुढाऱ्यांचा निर्णय होता, सगळ्या धर्माचा नाही. आणि त्या ठरावात ‘घोर पाखंडी मतं’ वगैरे शिव्या भरपूर आहेत, नेमकं कुठलं मत ते लिहिलेलंच नाही, त्यामुळे कारण ठामपणे सांगणारा मेसेज अंदाजच सांगतोय.

उलट त्याच्या सातशे वर्षं आधी बगदादला सादिया गाओन या ज्यू धर्मपंडितांनी अरबीत अख्खा ग्रंथ लिहिला, त्याच्या सुरुवातीलाच माणसाला शंका का येतात हे उलगडलंय आणि श्रद्धा बुद्धीनं तपासून घ्या असं सांगितलंय. मग बाराव्या शतकात इजिप्तमध्ये मायमोनिडीस हे ज्यू विचारवंत, ज्यांनी तत्त्वज्ञान शिकून गोंधळलेल्या श्रद्धाळू माणसासाठीच पुस्तक लिहिलं, आणि त्यात देव काय ‘नाही’ एवढंच आपण नीट सांगू शकतो अशी भूमिका घेतली. अर्थात ‘काहीही चालतं’ असंही नाही हां, याच मायमोनिडीसनी श्रद्धेची 13 तत्त्वं घालून दिली आणि ती नाकारणारा समाजाबाहेर असंही लिहिलं. यावर पुढे त्यांच्याच लोकांनी जोरदार वाद घातला, क्रेस्कास हे नंतरचे ज्यू तत्त्वज्ञ तर ती यादीच मान्य करत नाहीत.

तेव्हा तो मेसेज प्लीज पुढे ढकलू नका, ग्रुपवर आला तर हे टाका.