वाळूच्या कणाचं वय आणि वाळूच्या थराचं वय : एका प्रतिक्रियेला उत्तर

गाळाच्या थराचं वय त्यात जागेवरच वाढलेल्या खनिजांवरून काढता येतं, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन आहेत. गाळाच्या खडकातले कण जुन्या खडकांतून आलेले असतात, म्हणून वय त्या खडकांचं येतं. एकाच थरातलं ग्लॉकोनाइट आणि इलाइट (दोन्ही पोटॅशियम असलेली, चिकणमातीसारखी खनिजं) निरनिराळी वयं देतात. आणि शेवटी सगळं जिवाश्मांवरच बेतलेलं असतं.

पहिला आक्षेप वाहून आलेल्या कणांपुरता बिनतोड आहे. पण लेख गाळ साचल्यानंतर जागेवर वाढलेल्या खनिजांबद्दल होता. झेनोटाइम घ्या. हे यिट्रियमचं फॉस्फेट. त्याची स्फटिकरचना झिरकॉनसारखीच (झिरकॉन म्हणजे झिर्कोनियमचं सिलिकेट, वाळूत सापडणारं टणक खनिज), म्हणून ते जुन्या झिरकॉनच्या कणावर पापुद्र्यासारखं चढतं. वाढताना युरेनियम भरपूर घेतं, शिसं जवळजवळ घेत नाही; त्यामुळे आत सापडणारं शिसं बहुतेक युरेनियमच्या ऱ्हासातूनच आलेलं असतं. अडचण आकाराची आहे. पापुद्रा बहुधा 10 मायक्रॉनहूनही पातळ, आणि वय मोजायला त्यावर सोडलेल्या आयन शलाकेचा (विद्युतभारित अणूंच्या झोताचा) ठिपका साधारण तेवढाच. ठिपका जरा झिरकॉनवर सरकला की जुनं शिसं मिसळतं आणि वय फुगतं. म्हणून खडक कुटून कण वेगळे काढण्यापेक्षा पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरून पापुद्रा जागेवरच शोधणं बरं. तिथेही एक चकवा आहे: फॉस्फरस आणि झिर्कोनियम यांच्या क्ष-किरण रेषा 2.01 आणि 2.04 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर, म्हणजे जवळपास एकमेकींवर पडतात. यिट्रियम आहे आणि सिलिकॉन नाही, हे बघितल्याशिवाय झेनोटाइम म्हणू नये.

आता वयांचा मेळ. ग्लॉकोनाइट समुद्रतळाशी, गाळ साचतानाच किंवा लगेच नंतर तयार होतं. इलाइट बहुतेकदा थर खोल गाडला जाऊन तापल्यावर. दोन घटना, दोन तारखा. त्या जुळल्या असत्या तरच मला शंका आली असती.

अर्थात दोन्ही खनिजं फसवतातही. त्यांचं वय काढतात ते पोटॅशियम-40 च्या ऱ्हासातून आत साचलेल्या आर्गॉन वायूवरून. अर्धवट पिकलेल्या ग्लॉकोनाइटमध्ये मूळ चिकणमातीचा जुना आर्गॉन उरतो आणि वय जास्त येतं. म्हणून गर्द हिरवे दाणे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचतात आणि पोटॅशियम ऑक्साइड 6 टक्क्यांहून कमी असलेला नमुना बाजूला ठेवतात. उलट थर तापला असेल, तर आर्गॉन निसटून वय कमी येतं. आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत (यात पोटॅशियमऐवजी त्यापासून अणुभट्टीत बनवलेला आर्गॉन-39 मोजतात) आणखी एक भानगड: हा आर्गॉन-39 तयार होताना उडी मारतो, सुमारे 0.1 मायक्रॉनची. चिकणमातीचे स्फटिक इतके पातळ की तो थेट बाहेर पडतो, आणि वय पुन्हा जास्त दिसतं. यावर उपाय म्हणजे नमुना निर्वात क्वार्ट्झ नळीत बंद करून अणुभट्टीत ठेवायचा आणि निसटलेला वायूही मोजायचा.

इलाइटमध्ये खरा शत्रू वाहून आलेला अभ्रक. 50 कोटी वर्षांच्या इलाइटमध्ये 150 कोटी वर्षांचा अभ्रक फक्त 10 टक्के मिसळला, दोहोंत पोटॅशियम सारखंच धरलं, तर मोजलेलं वय सुमारे 63 कोटी येतं. म्हणून नमुना बारीक-जाड आकारांत विभागतात, प्रत्येकात अभ्रक किती ते क्ष-किरण विवर्तनाने काढतात, आणि आलेख शून्य टक्के अभ्रकापर्यंत वाढवतात. एकाच आकाराच्या कणांवरून काढलेलं वय छापलेलं दिसलं, तर मीही तुमच्याइतकाच साशंक असतो.

जिवाश्मांचं म्हणाल, तर वरच्या कुठल्याच मोजणीत ते येत नाहीत. लागतात ती समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंची) गुणोत्तरं आणि ऱ्हासाचे दर. पोटॅशियम-40 चं अर्धायुष्य सुमारे 125 कोटी वर्षं.

तर मग थर साचला कधी? वाहून आलेल्या झिरकॉनपैकी सर्वांत तरुण कणाआधी तो साचलेला असू शकत नाही, आणि त्यांच्यावर चढलेल्या झेनोटाइमनंतरही नाही. म्हणजे तुम्ही निरुपयोगी ठरवलेले ते जुने कणच इथे एक टोक पकडून देतात. दोन टोकांतलं अंतर कधी कधी कोट्यवधी वर्षांचं असतं. मधे ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला, तर त्यातल्या झिरकॉनचं वय आधी काढावं.