‘हवा-पाण्यापासून फुकटचे इंधन’: हरित मिथेनॉलविषयीच्या संदेशाला उत्तर

माझ्या धाकट्या भावाने काल एक संदेश पाठवून विचारले, ‘यात पैसे गुंतवू का?’ संदेशाचे म्हणणे असे की, हरित मिथेनॉल (इंधन म्हणून वापरता येणारे एक अल्कोहोल) हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी या फुकटच्या कच्च्या मालापासून बनत असल्याने ते स्वस्त पडते, वीज कोणतीही वापरली तरी ते कार्बनमुक्तच राहते आणि तेलकंपन्या ते दडपून ठेवतात. महिन्याभरात हाच मजकूर मला तिसऱ्यांदा आला, म्हणून हे सविस्तर उत्तर.

यातले सर्वांत घातक विधान विजेचे आहे. एक टन मिथेनॉलसाठी सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि ०.१९ टन हायड्रोजन लागतो, आणि पाण्याच्या विद्युत अपघटनातून, म्हणजे विजेने पाणी फोडून, तेवढा हायड्रोजन मिळवायला जवळजवळ १०,००० युनिट वीज खर्च होते. ती कोळशाची असेल, तर युनिटमागे साधारण एक किलो या हिशेबाने दहा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. १.४ टन पकडण्यासाठी दहा टन सोडायचे आणि त्याला हरित म्हणायचे, ही लोकांची दिशाभूल आहे. नैसर्गिक वायूपासून केलेल्या नेहमीच्या मिथेनॉलचे, ते जळेपर्यंतचे एकूण उत्सर्जनही टनामागे दोन-सव्वादोन टनच भरते. शिवाय पकडलेला कार्बन इंधन जळताच पुन्हा सुटतो, त्यामुळे तो मुळात कोळशाच्या धुराड्यातून घेतला असेल, तर त्याचे हवेत जाणे फक्त लांबते.

‘कच्चा माल फुकट’ हे म्हणणे याच विजेपाशी कोसळते. आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार, खनिज इंधनापासूनच्या मिथेनॉलचा उत्पादनखर्च टनाला १०० ते २५० डॉलर होता, तर विजेपासूनच्या मिथेनॉलचा ८०० ते १,६००. आणि कार्बन थेट हवेतून ओढायचा झाल्यास १,२०० ते २,४००. संदेशात ज्याची जाहिरात आहे, तो हवेतला ‘फुकट’ कार्बनच सर्वांत महाग पडतो. भावाने पैसे गुंतवू नयेत, असे मी त्याला स्पष्ट सांगितले आहे.

एक गोष्ट मान्य करावी लागते. शेण किंवा सेंद्रिय कचऱ्यापासूनचे जैव-मिथेनॉल याच अहवालात ३२० ते ७७० डॉलरच्या आसपास आहे, आणि शेणातून एरवी हवेत जाणारा मिथेन (कार्बन डायऑक्साइडहून अधिक तापमानवाढ करणारा वायू) त्यामुळे अडत असेल, तर त्याचे निव्वळ उत्सर्जन शून्याखालीही जाऊ शकते. पण संदेशात त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

दडपण्याच्या आरोपाबद्दल फार लिहायची गरज नाही: २०२५ मध्ये डेन्मार्कमधील कासो येथे वर्षाला ४२,००० टन क्षमतेचा, विजेपासून मिथेनॉल बनवणारा कारखाना उघडपणे सुरू झाला आहे.